पत्रकावरचा रविवार

आप्पा, मी पत्रकावर रविवार छापला होता. एवढं सांगितलं की तुम्हाला पुढचं सांगावं लागणार नाही, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. विद्यापीठात ज्याला ज्याला सांगितलं त्याने "मग बिघडलं कुठे?" असंच विचारलं. आमच्या विभागातून दर महिन्याला आगामी व्याख्यानं, चर्चासत्रं आणि कार्यशाळांची यादी निघते, ती मी करते. एरवी तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतं. बोलणारे प्राध्यापक, ऐकणारे प्राध्यापक, आणि हजेरी लागेल या बोलीवर आणून बसवलेली मुलं. या महिन्यात मात्र माझ्या हट्टाने एक वेगळं व्याख्यान आलंय, कारखान्यातल्या आवाजाने कान कसे जातात यावर. कानांचे एक डॉक्टर बोलणार, मग ज्याला हवं त्याचे कान तपासणार, आणि शेवटी कानात घालायचे बोळे नीट कसे घालायचे याची छोटीशी कार्यशाळा. चिंचवड-चाकणच्या कामगारांसाठी. वर्षभर मी त्यासाठी विभागप्रमुखांच्या टेबलासमोर उभी राहिले. शेवटी ते म्हणाले, "करा एकदा. पण मॅडम, खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर हे पहिलं आणि शेवटचं. पुढच्या सत्रापासून बाहेरच्यांसाठी काही ठेवायचं नाही." मी मान डोलावली, रविवारचं सभागृह घेतलं, गठ्ठाभर पत्रकं छापून आणली आणि माझ्यावरच खूश झाले.

चूक काढली ती फाटकावरच्या वॉचमनकाकांनी. गावची शेती सांभाळून त्यांनी आयुष्यभर कंपनीत काम केलं आणि आता इथे खुर्ची टाकून बसतात. मी त्यांना एक पत्रक दिलं. त्यांनी ते लांब धरून, ओठ हलवत वाचलं. "मॅडम, हे कंपनीवाल्यांसाठी हाय न्हवं?" मी हो म्हणाले. "मंग रविवारी कोन यील? रविवारी समदी कामावर. सुट्टी गुरुवारची असती की." मी आधी हसले, आणि मग पत्रक त्यांच्या हातातून परत घेतलं. प्रमुखांना कळलं नाही ते एक वेळ चालेल, ते दुसऱ्या गावचे. पण मी गुरुवारच्या घरात वाढलेली मुलगी, आप्पा. मला कसं कळलं नाही?

आपल्या घरात दोन आठवडे एकाच वेळी चालायचे. शाळेचा रविवारी संपायचा, तुमचा गुरुवारी. वीज पुरावी म्हणून कधीकाळी कारखान्यांना मधल्या वारी सुट्टी दिली आणि तीच पुढे चालू राहिली, असं तुम्ही सांगायचात. त्यात आईचा गुरुवारचा उपास. म्हणजे तुम्ही घरी असाल त्या दिवशी घरात साबुदाण्याची खिचडी, आणि मटण शिजायचं रविवारी, तुम्ही चिंचवडला प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबत असताना. तुमचा वाटा आई झाकून ठेवायची. तुम्ही संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून यायचात आणि ते गार मटण भाकरीशी खायचात. परत गरम करू का विचारलं तर "ऱ्हाऊ दे, बरं लागतंय" म्हणायचात. गुरुवारी मी शाळेतून येते तर तुम्ही ओट्यावर बसलेले. माझ्या वह्यांना कव्हरं घातलेली, पेन्सिलींना टोकं काढलेली, सायकलच्या साखळीला तेल. बोलणं फारसं व्हायचं नाही, कारण तुम्हाला ऐकू कमी यायचं आणि मला ओरडून बोलायचा कंटाळा. आपलं बरंचसं हातांनीच चालायचं. प्रेस शॉपमध्ये आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून तुम्ही लोक खुणांनी बोलायचात, त्या खुणा घरी आल्या होत्या. अंगठा ओठाला लावला की चहा, मनगटावर दोन बोटं म्हणजे दुसरी पाळी, आणि दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले की सुट्टी. मैत्रिणींच्या घरी मी चुकून अंगठा ओठाला लावायचे आणि त्या माझ्याकडे बघत राहायच्या.

ते नारिंगी बोळे तुम्हाला आठवतात का? कंपनीने एकदा सगळ्यांना स्पंजचे बोळे वाटले, कानात घालायला. नवी वस्तू लगेच वापरायची नाही ही आपल्या घराची रीत. नवा टॉवेल पेटीत, नवी चादर पाहुण्यांना. तुम्ही ते बोळे दाढीच्या साबणाच्या रिकाम्या डबीत ठेवलेत आणि कामावर पूर्वीसारखाच कापूस घालून जात राहिलात. माझ्या बारावीच्या परीक्षेला गावची जत्रा आडवी आली. देवळावरचा भोंगा दिवसभर कोकलत होता आणि मी पुस्तकासमोर रडत बसले होते. तुम्ही डबी आणून माझ्यासमोर ठेवलीत. "ह्ये घाल. लई भारी हाय म्हनत्यात, काय बी ऐकू येत न्हाई." मी घातले, आणि खरंच सगळं शांत झालं. त्या शांततेत मी अभ्यास केला, चांगले मार्क मिळवले, पुढे शिकले. बोळे परत डबीत ठेवायला गेले तर म्हणालात, "तुलाच ऱ्हाऊ दे, मला काय करायचंत?" मीही ठेवून घेतले. आता या व्याख्यानाची तयारी करताना डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की साधा कापूस घालून मोठा आवाज फारसा अडत नाही. मी फोन ठेवला आणि यादी बाजूला सारली. तुमच्या कानांसाठी आलेली वस्तू माझ्या कानात होती आणि तुम्ही कापूस घालून प्रेसपुढे उभे होतात. मला त्याची लाज वाटते. ती मी कधी बोलून दाखवली नाही.

उलट मला तुमचीच लाज वाटायची, हेही लिहून टाकते. तुम्ही बसमध्ये बोललात की अख्खी बस मागे वळायची. पिंपरीच्या बाजारात तुम्ही भाव विचारलात की दुकानदाराला भांडण वाटायचं. टीव्हीचा आवाज शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही पुरायचा. मी विद्यापीठात लागले तेव्हा तुमची नोकरी अजून दोन-तीन वर्षं बाकी होती, आणि तुम्ही माझं एकही व्याख्यान ऐकायला आला नाहीत. का, तर माझी व्याख्यानं रविवारी आणि तुमची सुट्टी गुरुवारी. ही गोष्ट मी इतक्या जणांना सांगितली आहे की ती सांगताना कुठे थांबायचं तेही मला पाठ आहे. प्रमुखांनी परवानगी दिली तीसुद्धा हीच गोष्ट ऐकून. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि अर्जावर सही केली.

वॉचमनकाकांनी चूक दाखवल्यावर मी धावतच प्रमुखांकडे गेले. गुरुवारी सभागृहात चर्चासत्र आहे, ते हलणार नाही. मग मी मेसचा हॉल मागितला. दुपारचं जेवण उरकलं की तो मोकळा असतो. डॉक्टरांच्या हातापाया पडून गुरुवारची चारची वेळ मिळवली. "आता तारीख बदलली, मॅडम. आता कुणी आलं नाही तर मी काय करू सांगा," प्रमुख म्हणाले. नवी पत्रकं छापायची नाहीत म्हणाले, म्हणून दोन दिवस बसून एकेका पत्रकावरचा रविवार मी पेनाने खोडला आणि वर गुरुवार लिहिला. खाली तारीख, वेळ, मेस. माझ्या हस्ताक्षरात ते पत्रक एखाद्या हरवलेल्या म्हशीच्या जाहिरातीसारखं दिसायला लागलं.

काल चाकणच्या चौकात पाळी सुटायच्या वेळी ती वाटत उभी राहिले. बहुतेकांनी घडी करून खिशात टाकली. कोणी म्हणालं, गुरुवारी दळण असतं. कोणी म्हणालं, "शेतात पानी द्यायला जावं लागतं ताई, एकच तर दिवस गावतो." त्यांचं काय चुकलं? आठवड्यातल्या त्या एका दिवसातून मी दुपार मागत होते. मग चहाच्या टपरीवर तुमच्या वयाचा, म्हणजे तुम्ही नोकरी सोडलीत त्या वयाचा एक माणूस दिसला. मी सांगत होते आणि तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला ऐकू येत नव्हतं. माझा हात आपोआप कानाकडे गेला आणि मग दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले. तो हसला. "प्रेस शॉपच्या घरातली दिसताय तुमी," तो मोठ्याने म्हणाला, आणि अख्खी टपरी मागे वळली. मला या वेळी लाज वाटली नाही. त्याने पत्रक खालीवर वाचलं, घडी केली, पुन्हा उलगडलं आणि विचारलं, "आमी आलो तर चालंल का? आत सोडत्यात का आमाला?"

मी म्हणाले, "सर्वांसाठी खुलं आहे, काका." बोटाने छापलेली ओळ दाखवली. मग बोट तिथून उचलायचं विसरले. त्याला वाटलं असेल, बाई उन्हात उभी राहून दमली.

आज बुधवार. मेसमध्ये खुर्च्या मांडून झाल्या. मी दुपारपासून तीनदा जाऊन त्या बघून आले, जणू मी पाठ फिरवली की त्या आपणहून भरणार आहेत. उद्या कोणी आलं नाही तर पुढच्या महिन्याच्या यादीत पुन्हा आम्हीच बोलणार आणि आम्हीच ऐकणार, आणि टपरीवरच्या त्या माणसासारखी माणसं तोंडाकडे बघत राहणार. प्रमुखांनी प्रास्ताविक मला करायला सांगितलंय. "ती तुमच्या वडिलांची गोष्ट सांगा," म्हणाले, "लोकांना भिडेल." म्हणून मघाशी मी प्रास्ताविक लिहायला घेतलं. ते राहिलं बाजूला आणि हे पत्र झालं.

कारण ती गोष्ट खरी नाही, आप्पा. माझ्या पहिल्या व्याख्यानाचं पत्रक मी घरी कपाटावर ठेवलं होतं. तुम्ही ते वाचलंत आणि मला विचारलंत, "आमी आलो तर चालंल का?" मी म्हणाले, ते फक्त आतल्या लोकांसाठी असतं. तुम्ही "बरं" म्हणालात. मला भीती होती की तुम्ही मधेच शेजारच्याला विचाराल, काय म्हनतीय ती, आणि सगळं सभागृह मागे वळेल. नंतर आईने सहज, कौतुकाने सांगितलं की आप्पांनी गुरुवारी काम करून त्या व्याख्यानाच्या रविवारी सुट्टी बदलून घेतली होती, दिवसभर घरीच होते, पहिल्यांदा रविवारचं मटण गरम गरम जेवले. मी तेव्हा आईला काही बोलले नाही. तुम्हालाही नाही. पत्रक अजून कपाटावरच होतं. "सर्वांसाठी खुले" ही ओळ त्याच्यावर होती आणि तुम्हाला वाचता येत होतं.

हे कुठे पाठवायचं नाहीच, उरलेल्या पत्रकांच्या गठ्ठ्याखाली ठेवते. प्रास्ताविकाच्या कागदावर एकच वाक्य लिहून झालं होतं, "माझ्या वडिलांना रविवारी सुट्टी नसल्यामुळे ते कधी येऊ शकले नाहीत." तेही पेनाने खोडलं. त्याच्या वर काय लिहायचं ते मला माहीत आहे, आणि उद्या तो टपरीवरचा माणूस समोर बसला तर ते वाचायची मला भीती वाटते.