‘बरं चाललंय’ असं सांगणाऱ्या बायका

बिश्केक,
१२ मार्च २००८

प्रिय मेदेरदादा,

तब्येतीला जपतोस ना? आईचे गुडघे दुखतातच, पण नूरुझच्या सणासाठी गहू भिजत घालायला तिला कुणाची मदत चालत नाही. विद्यापीठात बर्फ वितळून नुसता चिखल झालाय. तुमच्या तत्त्वज्ञान विभागाचा मजला माझ्या खिडकीतून दिसतो. तू चार महिने माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

जिपारबद्दल लिहायचं आहे.

तिचा प्रबंध माझ्या एका मतानं नापास झाला. “हे अर्थशास्त्र नाही, तत्त्वज्ञान आहे,” असं मी म्हणाले आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस. पण दादा, ती आधी तुझ्याकडेच आली होती. “यात आकडे आहेत, बुरुलकडे जा,” असं सांगून तू तिला वाटेला लावलंस. ती बिचारी तुझे जिने उतरली आणि माझे चढली.

इथेच थांबले असते तर बरं होतं. निम्मा दोष तुझ्या पदरात घालून मोकळी झाले असते. पण मी तिला नापास केलं त्याचं कारण वेगळं आहे.

नारीनच्या डोंगरांतल्या वरच्या खेड्यांत नऊ वर्षांपूर्वी एक पाहणी झाली. दवाखान्याची गरज वाटते का, की आहे तसं चालतंय, असं बायकांना विचारलं. बहुतेकींनी “नको, बरं चाललंय” म्हणून सांगितलं. ती त्यांची पसंती धरली गेली आणि दवाखाना बंद झाला. जिपारचा प्रश्न एवढाच होता, की जिनं मागणंच सोडून दिलंय, तिचं ‘नको’ खरं धरायचं का?

ती पाहणी माझी होती. अहवालावर माझं नाव नव्हतं, पण शब्द न् शब्द माझा. विभागप्रमुखपद त्याच्याच जोरावर मिळालं. जिपारला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं तिसरं प्रकरण वाचताना माझीच वाक्यं समोर आली आणि मी विरोधात मत दिलं.

गेल्या आठवड्यात तिच्या गावी गेले. तिच्या आईनं, कालबुबूनं, चहा आणि पाव पुढे ठेवला. कसं चाललंय, विचारलं.

“बरं चाललंय.”

पाहणीच्या वेळी एवढं लिहून मी वही मिटली होती. या वेळी बसून राहिले. दुसऱ्या पेल्यानंतर विचारलं, “दवाखाना असता तर?”

ती दस्तरखानाच्या कापडावरचे पावाचे कण वेचत राहिली. “तर जिपारला भाऊ असता. दवाखाना गेला त्याच हिवाळ्यात तोही गेला. घाटात, गाडीतच.”

“मग गरज आहे म्हणून तेव्हा का नाही सांगितलंत?”

“डॉक्टर महिन्यातनं एकदा यायचा, औषध नसायचं. मागून मागून दमलो होतो. तुम्ही चालतंय का विचारलंत, बाई. चालतच होतं.”

तिनं मला ओळखलं होतं. अहवाल मीच लिहिला, असं मी सांगितलं. तिनं किटली उचलली. पेला या वेळी काठोकाठ भरून दिला; पाहुण्यानं आता उठावं, याची आपल्याकडची खूण. मी तो संपवला आणि उठले.

परवा कुलगुरूंना सगळं लेखी दिलं. माझं मत रद्द झालं, पद जाईल. प्रबंधाची फेरतपासणी २८ तारखेला अकरा वाजता आहे. आमच्या विभागातले लोक पुन्हा म्हणतात, हे तत्त्वज्ञान. तुमच्या विभागाकडून परीक्षक बसला नाही, तर प्रबंध कायमचा बाद.

जिपार मॉस्कोत शिवणाच्या कारखान्यात आहे. मी फोनवर माफी मागितली. तिनं एवढंच विचारलं, “मॅडम, टेबलाच्या त्या बाजूला या वेळी कोण असेल?”

तुझं नाव ओठांवर आलं होतं. पण तुझ्या वतीनं काही कबूल करायला आता मी कोण?

तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, तिला दे.

अजून म्हणू देत असशील तर,
तुझी धाकटी
बुरुल