नदीपलीकडचं रंधा मशीन

नुमाझु, १६ जानेवारी १९९४

ती. फुसाएताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं रंधा मशीन काल ट्रकने सुखरूप पोचलं. चौघांनी उचलून ते गॅरेजात ठेवलं आणि माझी मोटार कायमची अंगणात गेली. सुमिए म्हणाली, आता आपल्याकडे गाडी पावसात आणि भंगार छपराखाली. बायकोच्या बोलण्याकडे मी लक्ष दिलं नाही. बदल्यात कबूल केलेल्या सुक्या माशांच्या पेट्या रवाना केल्या आहेत. बहीणभावांतही व्यवहार चोख असावा.

नात चिनात्सु एप्रिलमध्ये शाळेत जाईल. तिचं अभ्यासाचं टेबल मी स्वतः करणार, असं सगळ्यांसमोर बोलून बसलोय. तिचे दुसरे आजोबा होरिउचीसान गोड हसले आणि म्हणाले, नाहीच जमलं तर मी आहेच. दुकानातलं दिव्याचं आणि चित्रांचं टेबल त्यांनी हेरूनही ठेवलंय. आता माझ्या नाकाचा प्रश्न आहे.

वीज कंपनीतली जन्मभराची शिस्त इथे कामी येतेय. गॅरेजात ‘सुरक्षा प्रथम’ असा फलक लावला. रोज आधी रेडिओवरची कवायत, मग एकेका भागाकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणायचं, पट्टा ठीक, पाती ठीक, खटका ठीक. शेजारचं कुत्रं भुंकतं, पण नियम म्हणजे नियम.

तुझ्या मायेचा हक्कदार,
योशिहारु


साकाई, २४ जानेवारी

चि. योशीस,
अ. उ. आ.

मासे उत्तम. निम्मे शेजारणीला दिले, तर तिने संत्री दिली. आता तिला काय परत द्यावं या चिंतेत आहे.

हे गेल्यापासून मशीन चादरीखाली होतं. भंगारवाला सारखा दारात यायचा. मी त्याला चहा पाजून घालवायची. तुला दिलं ते एवढ्याचसाठी, की ते चालतं राहावं. काम झालं की हे मशीनच्या लोखंडी टेबलावर मेण चोळत, गंज धरू देत नसत. पाती दगडावर घासून लावत आणि तिन्ही एका पातळीत बसवत. एक जरी वर राहिलं तर तेच एकटं राबतं आणि बाकीची दोन तुझ्या कंपनीतल्या साहेबांसारखी नुसती फिरतात.

बोटं जप. बोट दाखवायला तरी लागतीलच.

तुझी ताई


नुमाझु, ८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कळवण्यास खेद होतो की मशीन निकामी आहे. पाती दोनदा लावली, पट्टा नवा घातला, मेण तर इतकं चोळलं की सुमिए देवघरातल्या मेणबत्त्या लपवून ठेवते. तरी फळीवर लाटा उमटतात, मोटर तापते, आणि जाड फळी घातली की मध्येच धापा टाकत थांबते. हिनोकी लाकडाच्या एवढ्या फळ्या वाया गेल्या की अंघोळीचं पाणी त्यांच्यावरच तापतंय.

सर्व बाजूंनी विचार करून निष्कर्ष असा की कान्जी भाऊजींनी ते पार झिजवून टाकलं होतं. गेलेल्या माणसाला दोष देऊ नये, म्हणून फक्त नोंद करतो. विश्वास बसावा म्हणून उद्या फोनवर आवाजच ऐकवेन. इथला भंगारवाला शनिवारी येणार आहे. होरिउचीसान दुकानात जाऊन आल्याचं कळतं.

तुझा हताश भाऊ,
योशिहारु


साकाई, १० फेब्रुवारी

योशी,

आशीर्वाद आज नाहीत.

काल फोनवर ऐकवलास तो आवाज यांच्या मशीनचा नव्हे. ते कसं खणखणीत ओरडायचं! हे सर्दी झाल्यासारखं घोगरं बोलत होतं. विचार करताना मला माझा रेकॉर्डप्लेअर आठवला. लग्नानंतर नुमाझुहून आणलेला तो साकाईत लावला, तर गाणारी बाई गाडी चुकत असल्यासारखी घाईने गाऊ लागली. हे तेव्हा म्हणाले होते, फुजी नदीच्या पूर्वेला वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते आणि पश्चिमेला साठ. मोटर त्याच हिशेबाने पळते. माझा रेकॉर्डप्लेअर इकडे येऊन धावायला लागला, आणि आमचं मशीन तिकडे जाऊन रांगतंय. अरे, जन्मभर वीज कंपनीत काय केलंस? नुसते शिक्के मारलेस?

यांनी ते मशीन मुळात घेतलं होतं तुमच्याकडच्याच बंद पडलेल्या खडावांच्या कारखान्यातून. इथे आणल्यावर वेग आवरायला मोटरवरची मोठी पुली काढून लहान बसवली. ती मोठी पुली मी इतकी वर्षं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मुळ्याच्या लोणच्यावर वजन म्हणून ठेवली होती. आज पार्सलने पाठवतेय. तिला वास येईल, तो सोस.

आणि शनिवारी भंगारवाल्याला चहा पाज.

ताई


नुमाझु, ६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. (दोनदा)

पुली मिळाली. पोस्टमनने हात लांब करून सही घेतली. ती बसवल्याबरोबर मशीन असं गरजलं की कुत्रं पळून गेलं. भाऊजींबद्दलची नोंद मी मागे घेतो. त्यांच्या फोटोसमोर माझ्या नावाने उदबत्ती लाव.

टेबल झालं. चिनात्सु त्यावर गाल टेकवून बसते. होरिउचीसान टेबलावरून बराच वेळ हात फिरवत राहिले, मग हळूच विचारलं, चहाच्या कपांसाठी एक फडताळ जमेल का? मी म्हटलं, बघतो. उशीर पाती लावण्यात झाला असं मी सगळ्यांना सांगितलंय. विजेचं तुझ्यामाझ्यातच राहू दे.

एक विचारायचं आहे. परवा फोनवर नवा आवाज ऐकवला, तेव्हा तू एकदम ओरडलीस की पुरे आता, जेवण गार होतंय. मी घाबरून खटका बंद केला, तर तू फोनच ठेवलास. सकाळी दहाला कसलं जेवण? तब्येत बरी आहे ना?

लोभ आहेच, तो या मूर्खावर थोडा जास्त असावा.

योशिहारु


साकाई, ११ मार्च

चि. योशीस,
अ. उ. आ.

तब्येत उत्तम आहे. फक्त लोणची तरंगताहेत. फुजी नदीतला एक चांगला जड दगड पाठव, कुठल्याही काठचा चालेल.

ते ओरडणं तुला नव्हतं. मी स्वयंपाकघरातून हाका मारायची आणि हे आपले मशीन चालूच ठेवायचे. चार-पाच हाका झाल्या की केसांत भुसा घेऊन हसत यायचे. त्या दिवशी तोच आवाज आला आणि माझ्या तोंडून हाक गेली. मशीन पहिल्याच हाकेला थांबलं. मग मला फार रडू आलं, म्हणून फोन ठेवला.

फडताळाचं काम निघालं की पुन्हा ऐकव. मी ओरडेन. लगेच बंद करू नकोस.

तुझी ताई