बाटलीवरच्या खुणा

सोम. ६ नोव्हें. ६१, दिग्रस
दाढेनं जीव नकोसा केला. तिसरीच्या पोरांना पाढे म्हणायला लावून खुर्चीत बसून राहिलो. घरी आलो तर आक्का कण्हत होती. कापसाच्या जिनात कामाला होती, तिथं रुईच्या गाठीवरून पडली त्याला दोन महिने झाले, कमरेचं हाड काही जुळत नाही. तिच्या अफूच्या औषधातली एक खूण मीच घेतली. डॉक्टर बाटलीवर खुणांची कागदी पट्टी डकवून देतात, एका वेळी एक खूण. दाढ थांबली. नुसती दाढच नाही... फार दिवसांनी बरं वाटलं.

बुध. ८
दाढ दुखत नव्हती. तरी घेतली. पहाटे आक्काचं सगळं आवरायचं, मग स्वयंपाक, शाळा, आल्यावर पुन्हा तेच. घोट घेतल्यावर तिचं कण्हणं शेजारच्या घरातलं वाटलं. लाज वाटते लिहायला. औषध असायला हवं त्या खुणेखाली गेलं म्हणून माठातलं पाणी घातलं.

शुक्र. १०
काल घेतली, आजही. पुन्हा पाणी. आक्का म्हणाली, "दवा लागूनच नाही राह्यली रे." म्हटलं, थंडी पडली, हाडं ठणकणारच. मास्तरला सगळ्याचं उत्तर येतं!

रवि. १२
वस्तीत बुद्धवंदना. पंचशील मी सांगायचं, मागून सगळ्यांनी म्हणायचं. पाचवं, नशा न करण्याचं, आलं आणि मी नुसताच खोकलो. दीक्षेनंतर किसनमामाची दारू मीच सोडवली, हातापाया पडून. तोच कानाशी म्हणतो, "गुरुजी, घसा बसला काय? दवा घेत जा."
औषध म्हणजे काही दारू नव्हे, असं स्वतःला समजावत घरी आलो. घेतली.

मंगळ. १४
डॉ. आले. दुखणं वाढलंय म्हणाले. नवी बाटली, आता दोन-दोन खुणा. बिनपाण्याच्या दोन खुणा हिला झेपतील? सांगायला तोंड उघडलं, तर "पाणी घेता का?" एवढंच विचारलं. ते गेले. आक्काला एकच खूण दिली. तासाभरात कण्हणं थांबलं, चेहरा निवळला. मला रडू आलं.

गुरु. १६
काल नव्या बाटलीलाही हात लावलाच. आज आक्काची वेणी घालत होतो, तर म्हणाली, "तुले पाह्यजे तं घेत जाय. पण पाणी नोको टाकू बापा. राह्यलेल्यात तरी दम राहू दे."
"तुले कवापासून माहीत?"
"पयल्या दिसापासून. माय गेल्यावर तुह्या दुधात मीच पाणी टाकत होती. मले नाही समजणार?"
मी वेणी पुरी घातली.

रवि. १९
वंदनेला गेलो नाही. किसनमामा बोलवायला आला. दाढ दुखते म्हणून सांगितलं.
तीन दिवस घेतली नाही. अंग मोडून येतं, चिडचिड होते. डॉ.ना सांगायचं अजून राहिलंच आहे, उद्या...
बाटली आता आक्काच्या उशाखाली असते. पण बूच घट्ट आहे, तिच्या हातात जोर नाही. सकाळ-संध्याकाळ ती बाटली काढते आणि माझ्याच हातात देते.