मंगल कार्यालयातला फ्रेंच सिनेमा

माय,

तुला अक्षर येत नव्हतं आणि मलाही येत नाही, तेव्हा या पत्रात डोळस अशी एक माझी सूनच. मी सांगतेय, ती लिहितेय. तिच्यासमोर तिच्याबद्दल काय सांगणार, म्हणून तिच्या भाजीला तूर्त चव आहे असं समज.

तिची मुलगी, माझी नात, इंदूरला फ्रेंच बोलायला शिकली. आता त्याच बोलीच्या मुलखात पुढचं शिकायला जायचं म्हणते. मुलानं सगळं माझ्यावर ढकललं, आई हो म्हणेल तर हो. मला विमानाची भीती नव्हती गं. पोर परत येईल आणि तिचं बोलणं मला कळणार नाही, ही भीती होती. ही भीती मुळात तुझी. राजधानी म्हणून नागपूर सुटून आपल्याला भोपाळ लागलं, त्या सालांत नदीपलीकडच्या जैनाबादच्या घरात चुलीपुढे बसून तू मला सांगितलंस, शाळेत आता सगळं हिंदी चालणार, तू तिकडची होऊन जाशील, घरातच राहा. मी राहिले. हिंदी तरी आलीच, भाजीवालीच्या टोपलीतून आली. अक्षर तेवढं आलं नाही. यावरून मी मनात तुझ्याशी पुष्कळ भांडले आहे.

तर परवा नातीच्या फ्रेंचच्या क्लासवाल्यांनी इथे बुरहानपुरात तिकडच्या सिनेमांचा महोत्सव भरवला. फ्रेंच काही एकाच देशात बोलत नाहीत म्हणे, आपल्यासारखं त्यांचंही मुलखागणिक वेगळं. हॉल म्हणजे आपलं लग्नाचं मंगल कार्यालय, त्यामुळे गल्लीतल्या आम्ही बायका चपला बाहेर काढून, भागवताला बसतो तशा डाव्या हाताला बसलो, पुरुष उजवीकडे. तिकडून आलेली पाहुणी दारात चपलांचा ढीग बघते आणि बिचारी आपलेही बूट काढते. मोज्याला अंगठ्यापाशी भोक. तिथंच ती मला बरी वाटली.

सिनेमा कुठल्याशा थंड मुलखातल्या खेड्याचा. एक म्हातारी, तिच्या गाई आणि शहराला निघालेला मुलगा. पडद्याखाली अक्षरं पळत होती, ती माझ्या काय कामाची? नात माझ्या कानाशी सांगायला लागली, तर मागच्या म्हणाल्या, आम्ही काय पाप केलं, मोठ्यानं सांग. शेवटी तिच्या हातात माईक दिला. आणि माय, ती म्हातारी आपल्या बोलीत बोलायला लागली. मुलाशी अबोला धरून भांडी आपटते, मग त्याच्या पिशवीत एक पिवळा गोळा कोंबते. हे काय, अशी मागून विचारणा झाली. नात म्हणाली, "चीज आहे. निघताना आपण हातावर दही देतो ना, त्या जागी समजा." बायकांनी माना डोलावल्या, एकीनं तर उजव्या हातावर दे म्हणून पडद्यावरच्या म्हातारीला बजावलंही. मग दारात उभी राहून म्हातारी काहीतरी पुटपुटली आणि नात माईकवर म्हणाली, "जायचं तं जा बापा. पण येशील तवा साहेब होऊन नको येऊ, भुकेला ये."

हे 'बापा' तुझं. पोरगा असो की पोरगी, तू सगळ्यांना बापा म्हणायचीस. मी ते घरात कधी बोलले, तिनं कधी उचललं, मला माहीत नाही. इंदूरची हिंदी झाली, मग फ्रेंच झाली, तरी ते कुठे सांडलं नाही. मला एकदम मोकळं वाटलं. पाठ टेकून बसले आणि उरलेला सिनेमा नीट पाहिला.

घरी आल्यावर मुलानं विचारलं, काय ठरलं. मी म्हटलं, "जाऊ दे तिला." चहा उकळायच्या आत विषय संपला. तुझ्यावरचा रागही कमी झालाय. सगळा नाही, थोडा ठेवलाय, नाहीतर तुझ्याशी बोलू काय?

हे पत्र टाकायचं कुठे, सून विचारतेय. कुठंच नाही. एवढंच राहिलं की, त्या दिवशी मी नाही म्हणायचं ठरवूनच गेले होते. तिकडचं काहीतरी वाईट दिसावं म्हणून डोळे फाडून बसले होते. हे लिहू नको असं सुनेला सांगतेय, पण तिचा हात काही थांबत नाही.