निळी मखमली खुर्ची

प्रिय दिव्यानी,

परवा फोनवर तू दोन गोष्टी मागितल्यास. 'प्रणितचे फोटो नीट का येत नाहीत ते सांगा, आणि मी लहान असताना आईने मला मांडीवर घेतलेला एखादा फोटो शोधून पाठवा.' दुसरी गोष्ट ऐकली आणि मी 'आवाज येत नाही' म्हणून फोन ठेवला. तुझा आवाज चांगला येत होता, मलाच फोनवर सांगवेना. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी सोपं सांगतो. तू उभ्याने फोटो काढतेस, म्हणून सहा महिन्यांच्या पोराचं नुसतं टक्कल दिसतं. फरशीवर पालथी पड, फोन त्याच्या डोळ्यांच्या रेषेत धर. ट्यूबलाइट बंद कर आणि खिडकीचा उजेड एका गालावर येऊ दे. चालायला लागला की 'इकडे बघ, इकडे बघ' असा कंठशोष करू नकोस. त्याच्या हाती पाण्याचा मग दे आणि गप्प बसून राहा. दात पडायच्या वयात पोरं तोंड घट्ट मिटून घेतात. त्यांना हस म्हणायचं नाही, खिंडार दाखव म्हणायचं. तेरा-चौदाव्या वर्षी तर समोर उभंच करायचं नाही. त्या वयात तू माझ्या कॅमेऱ्याकडे असं बघायचीस, जसं काही मी गणिताचा पेपरच घेऊन आलोय. शेवटी धानाच्या बांधीत मैत्रिणीशी तावातावाने भांडत होतीस तेव्हा काढला, तोच एक चांगला आला.

हे सगळं कुणाला तरी सांगायला बरं वाटतं. कुरखेड्यात आता ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे, स्टुडिओत येतात ते पासपोर्ट फोटोपुरते. पाऊस सरून रस्ता उघडला की भामरागडकडे एका शाळेत ओळखपत्रांचे फोटो काढायला जातो, तेवढीच लेकरं दिसतात. घरी आलो की कुलूप मीच उघडतो. भात अजून दोघांचाच शिजतो, मग सकाळी तोच फोडणी देऊन खातो. तुझी आई गेल्यापासून करमत नाही गं.

तिचे सगळे फोटो काढून बघितले. तुझ्या लग्नातले आहेत, आधार कार्डाचा आहे. तुझ्या लहानपणचा मात्र एकही नाही, कारण तेव्हा ती स्टुडिओत माझ्या बरोबरीने राबायची. बसता न येणारं बाळ घेऊन लोक येत आणि फोटोत त्यांना बाळ एकटंच हवं असे. 'लेकराचा फोटो पायजे, बाई काऊन दिसून राह्यली?' असं तोंडावर विचारत. मग आई स्टुलावर बसायची, मी तिच्या डोक्यावरून निळ्या मखमलीचं कापड टाकायचो आणि बाळ तिच्या मांडीवर द्यायचो. रडकं पोरही तिच्याजवळ शांत व्हायचं. कापडाखालून ती म्हणायची, 'तुमी काढा जी, मी आहो इथी.' तालुक्यातली किती पोरं तिने अशी सांभाळून धरली असतील.

काल दुपारी ते कापड पेटीतून काढलं आणि डोक्यावरून घेऊन त्याच स्टुलावर बसलो. काही दिसत नाही, नुसतं उकडतं. भर मे महिन्यात ती कशी बसत होती कोण जाणे. मला खूप रडू आलं. तुम्ही इकडे आलात की प्रणितचा फोटो मी काढीन. कापड टाकणार नाही. त्याला मांडीवर घेऊन तू दिसायला हवीस.

आता तू मागितलेल्या फोटोचं. तुझ्या टीव्हीच्या वर तुझा सहा महिन्यांचा फोटो आहे, लाल झबल्यातला. दुकानात नमुना म्हणून लावायला काढला होता. लहानपणी तो बघून तू हटून बसायचीस, 'मले ते निळी खुर्ची पायजे.' आई हसून म्हणायची, 'मोडली ते, बाई.' दिव्यानी, आपल्याकडे अशी खुर्ची कधीच नव्हती. तू तिच्याच मांडीवर बसलेली आहेस. फोटो खाली उतरव आणि प्रणितला घेऊन खिडकीपाशी जा. तुझ्या पोटाशी दोन्ही बाजूंनी मखमल चुरगळलेली दिसेल, ते तिचे हात आहेत. त्याला बघायला ती उरली नाही, त्याने तरी तिला एवढं बघावं.

तुम्हा दोघांची वाट बघणारा,
तुझाच
बाबा