उतारावरची सावली

शुक्रवार, सायंकाळ
आलो एकदाचा. वृत्तपत्राने मला या उंचावरच्या वाळवंटी गावी बदलून पाठवलं, आणि साडू इथेच राहतात म्हणून मुक्कामाची सोयही झाली. माणसं प्रेमळ. साडूंनी दारातच बॅग हिसकावली आणि चहा होईपर्यंत गावाची महती गायली: टेकड्या, हवा, पुन्हा टेकड्या. माझ्या खोलीच्या खिडकीतून त्याच दिसतात, खापऱ्यांचे ढीग रचावेत तशा. यात चढण्यासारखं काय आहे, हे विचारायचं मी सौजन्याने टाळलं. मेहुणीने ते ओळखलं असावं. ती गालात हसली.

शनिवार
उद्या गिर्यारोहण. साडू सकाळपासून बूट, टोपी, काठी, दोर आणि पाण्याच्या बाटल्या मांडून बसले आहेत, जणू दिग्विजयाला निघालेत. एवढं पोट सुटलेला दिग्विजयी मी प्रथमच पाहतो आहे. ताकीद एकच, तीही पोरकट: वरच्या उतारावर एक सावली आहे, तिच्यात बसायचं नाही. गावातलं कुणीच बसत नाही म्हणे. का, असं विचारलं तर मेहुणी म्हणाली, सावली पाडायला तिथे झाडही नाही नि कडाही नाही. इतकं ऊन, आणि ही मंडळी सावलीला वळसा घालून जातात! ही बातमी धाडली तर संपादक मलाच विश्रांती घ्यायला सांगतील.

रविवार, सकाळ
चढ उभा. पायाखाली मुरूम घसरतो, दगडाला हात लावला की चटका. घाम यायच्या आधीच वाळतो. साडूंचा श्वास भात्यासारखा चाललाय, तरी तोंड बंद नाही. प्रत्येक झुडपाची ओळख करून देतात; मला सगळी सारखीच मेलेली दिसतात.

रविवार, दुपार
सावलीत बसून लिहितो आहे. कारणावाचून कार्य नसतं, हे लहानपणीच घोकलेलं. सावली आहे त्या अर्थी वर कडा असणारच. मान वर करायचं त्राण नव्हतं, अनुमानावर भागवलं. साडू बाहेर उन्हात उभे, चेहरा पांढराफटक. "साडूभाऊ, उठा," एवढंच म्हणाले. मी पाय पसरले. गारवा अप्रतिम.

नंतर
मान वर केली. नुसतं आकाश. सूर्य समोर आहे आणि डोळ्यांना लागत नाही.

उठता येत नाही. कमरेखाली काही जाणवत नाही — पाय दिसतात, पण कुणा दुसऱ्याचे वाटतात. उन्हात साडूंची सावली लांबली, दगडांच्याही लांबल्या. ही मात्र आखडते आहे. काठ चहूकडून माझ्याकडे —

साडूंनी काठी पुढे केली. सावलीत आली तेवढी गेली. त्यांच्या हातात काठीची नुसती मूठ उरली.

ऊन उतरताना
गारवा छातीपर्यंत. त्यांना जा म्हटलं. जात नाहीत. मग टोचून बोललो — पोटावरून, अकलेवरून, मेहुणीने यांच्यात काय पाहिलं यावरून. इतकं घाणेरडं मी कधी कुणाला बोललो नव्हतो. ऐकून त्यांनी डोळे पुसले. हलले नाहीत. मूर्ख. इतका भला, इतका मूर्ख माणूस —

दोर काढलाय. एक टोक खडकाला, दुसरं स्वतःच्या कमरेला. काठीचं काय झालं ते पाहिलं ना, मग दोर कसला —

आवाज फुटत नाही. हात चालतोय तोवर — ते म्हणताहेत, आलोच. अहो, नको. मागे व्हा, मी पाया पडतो, माग —