गोदाचा सेलो, माझी पट्टी

१९ नोव्हेंबर

आज वाजवला! लोखंडी खुर्ची ओढली, पदर खोचला आणि लेकीचा सेलो गुडघ्यांत धरून मी — मी! — गज फिरवला. तारा सगळ्या ढिल्या. असा काही आवाज निघाला की मीच दचकले, आणि मग हसता हसता डोळ्यांतून पाणी.

खरं तर कसर लागली का एवढंच बघायला काढला होता. दोन वर्षं मी कामाला आहे त्या द्राक्षांच्या पॅकहाउसच्या स्टोअरमध्ये खोक्यांमागे उभा आहे बिचारा. द्राक्षं गार करायच्या खोलीत नेला. हंगाम सुरू होईतो ती रिकामीच, किल्ली माझ्याकडे.

गोदाला सांगितलंय, देऊन टाकला. सेलोच्या परीक्षेत हात गोठला, मध्येच उठून आली, तेव्हा तीच म्हणाली होती — "आई, मला तो परत दिसायला नको." मी म्हटलं, दिला. धडधडीत खोटं.

२० नोव्हेंबर

खांदा उचलत नाही. मजा आली पण.

२४ नोव्हेंबर

तारा लावल्या. कशा लावतात देव जाणे, गोदाकडे सूर दाखवणारं यंत्र होतं. मी आपली भजनी मंडळाची पेटी घेऊन गेले. भजनाला आमची पट्टी काळी चार, तीच लावली — प, सा, प, सा. जाड तार ताणताना डोळे मिटून घेतले, म्हटलं आता तुटतेय. नाही तुटली!

आणि काय गुंजतं! रिकामी खोली, चार भिंती, मध्ये मी. एक सूर काढला की तो जायलाच तयार नाही. शेवटी मीच त्याला "बरं बस" म्हटलं आणि दुसरा काढला.

२८ नोव्हेंबर

पकडले गेले. सरुबाई क्रेट धुवायला येते — पेठ तालुक्यातली, हंगामाआधीच आलीये — ती दारात उभी.

"मॅडम, म्हस आडली का काय आत?"

मी लाजून चूर. तरी म्हटलं, बस. बसली पालथ्या क्रेटवर. मी वाजवलं, जे येईल ते. संपल्यावर म्हणते, "आता टेम्पो सावळघाट चढतोय आसं वाटलं. भरलेला." मग जरा थांबून, "ह्ये गाणं कोनचं?"

"गाणं नाही. मला येतच नाही काही."

"मंग बरंय. चुकायचं काय कामच नाय!"

दिवसभर तेच डोक्यात. चुकायचं काही कामच नाही.

३ डिसेंबर

असं वाजवणारं आणखी कुणी आहे! मोबाइलवर सापडलं. एक परदेशी बाई, पांढरे केस, अनवाणी, एकटी सेलो घेऊन बसते आणि तासभर वाजवते — आधी काहीही ठरवलेलं नाही. पुढ्यात कागद नाही. मध्येच लाकडावर टकटक, मध्येच गजाच्या उलट्या बाजूने. आणि लोक तिकीट काढून येतात! मला वाटलं होतं, येत नाही म्हणून मी असं वाजवते.

आज मीही टकटक केली. ओझरचं विमान डोक्यावरून गेलं तर त्याच्या मागोमाग गेले, पार ते विरेपर्यंत. चप्पल काढून ठेवली होती. फरशी बर्फ! पण अनवाणी म्हणजे अनवाणी.

९ डिसेंबर

आज हसू नाही. लिहूनच टाकते.

नऊ वर्षं गोदा आतल्या खोलीत वाजवायची आणि मी बाहेर स्वयंपाकघरात कांदा चिरत ऐकायचे. एक सूर घसरला की मी तिथून ओरडायचे, "परत घे!" ती पहिल्यापासून घ्यायची. परत घसरला, परत घे. मला सेलोतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण घसरलेला बरोबर कळायचा. दिवसभर कामच ते — मापाची रिंग लावून द्राक्षाचा मणी मोजायचा, डाग दिसला की घड बाजूला. घरी येऊन पोरीच्या सुरांनाही रिंग लावली.

तिचा हात परीक्षेत नाही गोठला. माझ्या स्वयंपाकघरात गोठला. हे तिला कधी सांगणार मी?

१६ डिसेंबर

सरुबाई आता चहा घेऊनच येते. आज म्हणाली, "कालच्यागत वाजवा की." वाजवायला गेले, काही केल्या येईना! दोघी हसत सुटलो. कालचं कालच गेलं.

२२ डिसेंबर

मालकांनी ऐकलं. दिनेशभाऊ दारात, हातात मोबाइल, तोंड उघडं. मला वाटलं, गेली नोकरी. तर म्हणतात, "ताई, ते डीजे-बिजे राहू द्या. यंदा हंगामाच्या पूजेला तुम्हीच वाजवा."

मी हो म्हणून बसले. हो!! वेड लागलंय मला.

७ जानेवारी

उद्या. काय वाजवू? काही ठरवायचं नसतं हे ठरवलंय, पण मग तयारी कसली करू? साडी इस्त्री केली. तेवढीच तयारी.

८ जानेवारी

वाजवलं!

वजनकाट्याला हळदीकुंकू, पहिल्या क्रेटला हार, नारळ फुटला. चाळीसेक बाया डोक्याला टोप्या घालून फरशीवर. दिनेशभाऊ माइकवर म्हणाले, "आता ताई भक्तिगीत वाजवतील." मी म्हटलं, भक्तिगीत नाही. "मग?" म्हटलं, बघू!

पहिला सूर काढला आणि शीतयंत्र सुरू झालं, घूं करून. मंडळाच्या पट्टीच्या जरा खाली. आधी घाबरले, मग त्यालाच धरून बसले. ते घूं, मी घूं. मग मी वर, ते खालीच. पोरं हसली, मीही हसले, गज घसरला — चांगलाच किंचाळला — आणि मी त्या किंचाळीवरून पुढे गेले. कुणी नाही म्हणालं, परत घे.

संपलं. मग सरुबाईच्या टाळ्या, मग सगळ्यांच्या! एक जण मात्र म्हणाला, "आता एखादा अभंग होऊ द्या." पुढच्या वर्षी, म्हटलं.

सेलो दिनेशभाऊंच्या टेम्पोतून घरी. स्टोअरमध्ये आता माल येणार.

९ जानेवारी

सत्यानाश. दिनेशभाऊंनी माझ्या वाजवण्याचा व्हिडिओ स्टेटसला टाकला. गोदाचा मेसेज, पुण्याहून — "तो माझा सेलो आहे ना?" मी "हो" लिहिलं. पुढे काही नाही. फोन केला तर कट.

१३ जानेवारी

संक्रांतीला आली. पायरीवरच म्हणाली, "दिला म्हणालीस." मी म्हटलं, खोटं बोलले. देववला नाही.

जेवताना समोर बसून ते 'परत घे'चं सगळं सांगितलं. रडले. ती नाही रडली. ताटातली पोळी कुस्करत राहिली. मग उठून सेलोपाशी गेली, बोटाने एकेक तार छेडली.

"हे कोणी लावलंय?"

"मी. काळी चार."

"चारही चुकीच्या आहेत, आई."

आणि खोलीत जाऊन दार लावलं.

१५ जानेवारी

सकाळी पोह्यांना कांदा चिरत होते. आतून सेलो.

तारा माझ्याच पट्टीत. मध्ये एक सूर घसरला. सुरी तशीच हातात धरून मी तोंड मिटून उभी. पहिल्यापासून नाही घेतलं तिने. पुढे गेली.